अकरा वर्षांची आरोपी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेतल्या एखाद्या मुलानं दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून दिलं, तर त्याला काय म्हणायचं आणि त्या मुलाचं काय करायचं? हा प्रश्न इंटरनेटबरोबर आला अशी आपली एक समजूत आहे. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती १८९२ सालची आहे. तिच्यात आहे एक नामांकित शाळा, चौकशीला बसलेले आठ पंच आणि त्यांच्यासमोर उभी केलेली एक मुलगी. मुलीचं वय अकरा. तिला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं. तिचं म्हणणं इतरांना आणि इतरांचं म्हणणं तिला पोचवणारी एकच व्यक्ती नेहमी तिच्याजवळ असे, ती तिची शिक्षिका. चौकशी सुरू होण्याआधी त्या शिक्षिकेला खोलीबाहेर जायला सांगण्यात आलं.

मुलीचं नाव हेलन केलर. पाण्याच्या पंपाखाली धरलेला तो हात आणि दुसऱ्या हातावर बोटांनी लिहिलेलं ‘वॉटर’ हे अक्षर-अक्षर, हा प्रसंग आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. तो ५ एप्रिल १८८७ चा. त्यानंतर पाच वर्षांच्या आत घडलेलं हे चौकशीचं प्रकरण मात्र आपण सहसा सांगत नाही. प्रेरणादायी चरित्रात ते नीट बसत नाही, हे कारण असावं. शिक्षणाचा इतिहास शिकवताना मला मात्र पंपापेक्षा हीच हकीकत जास्त उपयोगी पडत आली आहे.

आधी शाळेची ओळख करून देतो. बोस्टनची पर्किन्स संस्था ही अमेरिकेतली अंधांसाठीची फार जुनी शाळा. तिचे पहिले संचालक डॉ. सॅम्युअल हाव यांनी लॉरा ब्रिजमन या अंध आणि बहिऱ्या मुलीला भाषा शिकवून दाखवली होती. चार्ल्स डिकन्स अमेरिकेत आला तेव्हा तिला भेटून गेला आणि १८४२ साली त्यानं तिच्यावर लिहिलं, त्यामुळे संस्थेचं नाव जगभर झालं. हावसाहेबांमागे त्यांचे जावई मायकेल अनाग्नोस संचालक झाले. हे मूळचे ग्रीक गृहस्थ, विद्वान आणि प्रेमळ. त्यांनीच आपली माजी विद्यार्थिनी अ‍ॅन सलिव्हन हिला अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी केलर कुटुंबाकडे पाठवलं. हेलनची प्रगती कळू लागली तशी अनाग्नोस यांनी संस्थेच्या वार्षिक अहवालांतून तिचं भरभरून कौतुक छापलं. लॉरा ब्रिजमनचा चमत्कार दुसऱ्यांदा घडत होता, आणि तो पर्किन्सच्याच शिक्षिकेच्या हातून घडत होता. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला याचं महत्त्व किती, हे वेगळं सांगायला नको.

सलिव्हनबाईंची शिकवण्याची रीतही समजून घ्यायला हवी, कारण सगळं प्रकरण तिच्यातच आहे. एकेक शब्द सुटा शिकवायचा, मग दोन शब्द जोडायचे, असं त्यांनी केलं नाही. तान्ह्या मुलाशी आई बोलते तशी पूर्ण वाक्यं त्या हेलनच्या तळहातावर बोटांनी लिहीत गेल्या. मुलीला त्यातलं थोडं कळायचं, पुष्कळसं कळायचं नाही. न कळलेलं तसंच डोक्यात साठायचं आणि कधीतरी योग्य जागी बाहेर यायचं. पुस्तकांचंही तेच. उठावदार अक्षरांची पुस्तकं तिच्या हाती दिलेली असत आणि ती त्यांतून बोटं फिरवत बसे. ज्या मुलीला रस्त्यावरचं बोलणं ऐकू येत नाही, दुकानाच्या पाट्या दिसत नाहीत, तिला भाषा मिळणार कुठून? दुसऱ्याच्या हातातून आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून. तिचा प्रत्येक शब्द उसना होता.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या पंतोजींच्या शाळेत लिहिणं सुरू व्हायचं ते कित्त्यानं. वळणदार अक्षरात लिहिलेला नमुना समोर ठेवायचा आणि तो गिरवायचा. ‘कित्ता गिरवणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आजही चांगल्या अर्थानं वापरला जातो. कुणी थोरांचा कित्ता गिरवला तर आपण त्याला शाबासकी देतो.

तर १८९१ च्या शरद ऋतूत केलर मंडळी टस्कंबियाजवळच्या डोंगरातल्या आपल्या घरी होती. झाडांची पानं लाल, सोनेरी होऊ लागली होती. सलिव्हनबाई ते रंग हेलनच्या हातावर वर्णन करून सांगत. त्याच दिवसांत हेलननं एक गोष्ट लिहिली. उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशात एक हिमराजा राहतो. तो आपल्या पऱ्यांच्या हाती रत्नांनी भरलेली भांडी सांताक्लॉजकडे पाठवतो. पऱ्या वाटेत रेंगाळतात, भांडी झाडांत लपवून खेळत बसतात, आणि तेवढ्यात सूर्य ती रत्नं वितळवून टाकतो. रत्नांचा रस पानांवर ओघळतो आणि रान रंगून जातं. हिमराजा आधी रागावतो, पण ती शोभा पाहून त्याचा राग निवळतो.

गोष्ट जेवणाच्या वेळी घरच्या मंडळींना वाचून दाखवली. सगळे चकित झाले. कुणीतरी विचारलंही, की हे तू पुस्तकात वाचलंस का? हेलन म्हणाली, नाही, ही माझी गोष्ट आहे, अनाग्नोससाहेबांसाठी लिहिली आहे. नोव्हेंबरमध्ये त्यांचा वाढदिवस असे. तिनं गोष्टीची नक्कल केली आणि स्वतः पोस्टात नेऊन टाकली. आपण हवेवरून चालतो आहोत असं तेव्हा वाटत होतं, असं हेलनबाईंनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे.

अनाग्नोस हरखून गेले. त्यांनी ‘द फ्रॉस्ट किंग’, म्हणजे ‘हिमराजा’, ही गोष्ट पर्किन्सच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकात छापली. व्हर्जिनियातल्या मूकबधिर आणि अंधांच्या शाळेच्या पत्रानं ती तिथून उचलली, आणि मग त्या पत्राकडूनच बातमी आली की ही गोष्ट नवी नाही. मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या ‘बर्डी अँड हिज फेअरी फ्रेंड्स’ या बालकथांच्या पुस्तकात ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ नावाची गोष्ट आहे आणि दोन्ही शेजारी ठेवल्या तर नातं लपत नाही. हिमराजा तोच, रत्नं तीच, सूर्य तोच, आणि कित्येक ठिकाणी वाक्यंही जवळजवळ तीच. कॅन्बींचं पुस्तक हेलनच्या जन्माआधी छापलेलं होतं.

हेलनला हे सांगितलं तेव्हा तिला काही उलगडेना. असं पुस्तक वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. सलिव्हनबाईंनी ते पाहिलंही नव्हतं. मग गोष्ट आली कुठून? सलिव्हनबाईंनी शोध सुरू केला आणि त्यात त्यांना मदत केली टेलिफोनचे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी. बेल यांचं खरं आयुष्यभराचं काम बहिऱ्यांच्या शिक्षणाचं होतं, आणि केलर कुटुंबाला पर्किन्सची वाट त्यांनीच दाखवली होती. शोधाचा माग लागला तो चार वर्षं मागे. १८८८ च्या उन्हाळ्यात हेलन समुद्रकाठच्या ब्रूस्टर गावी हॉपकिन्स नावाच्या बाईंकडे राहिली होती. मध्यंतरी सलिव्हनबाई सुटीवर गेल्या, तेव्हा मुलीचं मन रमवायला हॉपकिन्सबाई तिच्या हातावर लहान मुलांची पुस्तकं वाचून दाखवत. त्यांच्याकडे तेव्हा कॅन्बींचं पुस्तक होतं. नेमकी ती गोष्ट वाचल्याचं त्यांनाही आठवत नव्हतं, पण ते पुस्तक वाचून दाखवलेल्या पुस्तकांपैकी होतं याबद्दल त्यांची खात्री होती. प्रत सापडली नाही. घर विकताना मुलांची बरीच पुस्तकं त्यांनी देऊन टाकली होती.

हेलनला तेव्हा भाषा येऊ लागून जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. गोष्टींचा अर्थ तिला फारसा लागतच नव्हता. अनोळखी शब्द हातावर उमटतात याचीच गंमत होती. सलिव्हनबाई परत आल्यावर दुसरंच पुस्तक वाचायला घेतलं गेलं आणि आधीचं सगळं बुडून गेलं. तीन वर्षांनी डोंगरातली लाल पानं हातावर आली, आणि बुडालेलं वर आलं. वर येताना आपल्यावरचा मालकाचा शिक्का मात्र ते खालीच ठेवून आलं. आपण वाचलेलं विसरतो आणि ते आपल्याला सुचलं असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटतं, या प्रकाराला मानसशास्त्रात पुढे ‘क्रिप्टॉम्नेशिया’ असं नाव मिळालं. १८९२ साली हा शब्द पर्किन्सच्या मंडळींच्या हाताशी नव्हता.

अनाग्नोस यांना सुरुवातीला हेलनचं म्हणणं पटलं होतं. वॉशिंग्टन जयंतीच्या सुमाराला संस्थेत मुलींचं एक नाटुकलं होतं, त्यात हेलन धान्यदेवता झाली होती. आदल्या संध्याकाळी एका शिक्षिकेनं तिला हिमराजाबद्दल काहीतरी विचारलं. हेलननं काहीतरी उत्तर दिलं. त्या उत्तराचा शिक्षिकेनं असा अर्थ लावला, की मुलीला ती गोष्ट आधीपासून ठाऊक होती, ती तसं कबूलच करते आहे. ही बातमी संचालकांच्या कानावर गेली आणि त्यांचं मन फिरलं. या दोघींनी ठरवून आपल्याला फसवलं, असं त्यांना वाटू लागलं.

मग ते पंच बसले. आठ जण, संस्थेतलेच शिक्षक आणि अधिकारी, चार अंध आणि चार डोळस. सलिव्हनबाई बाहेर. हेलनवर प्रश्नांमागून प्रश्न, उलटसुलट, सुमारे दोन तास. एकाक्षरी उत्तरांपलीकडे तिच्याकडून काही निघेना. प्रत्येक प्रश्नामागचा संशय आपल्याला जाणवत होता, असं हेलनबाईंनी लिहिलं आहे. खोलीतून बाहेर पडल्यावर कोण काय म्हणालं, कुणी पाठीवरून हात फिरवला, हेही तिच्या लक्षात आलं नाही. त्या रात्री ती अंथरुणात रडली.

निकाल? चार विरुद्ध चार. चौघांचं मत असं, की कॅन्बींची गोष्ट आपल्याला वाचून दाखवली होती हे मुलीला माहीत होतं. चौघांना तसं वाटलं नाही. अनाग्नोस म्हणतात, आपण आपलं मत मुलीच्या बाजूनं टाकलं. पण दोन वर्षांनी त्यांनी आपलं अनुकूल मत मागे घेतलं असं दिसतं. का, ते हेलनबाईंना कधी कळलं नाही.

या निकालाकडे मी पुन्हा पुन्हा जातो. पंचांनी कशावर मत दिलं, ते पाहा. गोष्टी सारख्या आहेत का, हा मुद्दाच नव्हता. त्या सारख्या आहेत हे आठही जणांना दिसत होतं. मुलीला ठाऊक होतं की नव्हतं, एवढ्यावर ते विभागले. म्हणजे चोरीची त्यांची व्याख्या हेतूवर उभी होती. व्याख्या योग्यच होती. फक्त हेतू शोधण्याची त्यांची रीत पोलीस चौकीतली होती.

आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते. या प्रकरणाच्या आधी हेलन अनाग्नोस यांना पत्रं लिहीत असे. त्यांना प्राचीन ग्रीस आणि रोमचं वेड आहे हे तिला माहीत होतं. म्हणून कविता आणि इतिहासाच्या पुस्तकांतून त्या जुन्या शहरांबद्दलचं जे जे सुंदर सापडेल ते वेचून ती पत्रांत आणि निबंधांत घालायची. संचालकांनी त्याला काव्यमय म्हणून वाखाणलं. हेलनबाईंनी मोठेपणी यावर एक शांत टोला मारला आहे: अकरा वर्षांच्या अंध-बहिऱ्या मुलीनं या कल्पना स्वतः शोधून काढल्या असतील असं त्यांना वाटलं तरी कसं! म्हणजे जी सवय आदल्या वर्षी प्रतिभा ठरली होती, तीच यंदा गुन्हा ठरली. मधल्या काळात मुलगी बदललेली नव्हती. एका दुसऱ्या शाळेच्या पत्रात पर्किन्सचं हसं झालं होतं, तेवढाच फरक. आपल्या मुलांचं उसनं शाळेला कधी दिसतं आणि कधी दिसत नाही, याचा हिशेब शाळेच्या अब्रूशी असा बांधलेला असतो.

पाश्चात्त्य भाषांत अशा उचलेगिरीला जो शब्द आहे, तो मार्शल या रोमन कवीपर्यंत जातो. इसवीसनाच्या पहिल्या शतकात त्यानं आपल्या कविता स्वतःच्या म्हणून म्हणणाऱ्या माणसाला ‘प्लाजियारिउस’ म्हटलं. त्याचा मूळ अर्थ दुसऱ्याचे गुलाम पळवणारा, माणूसचोर. आपला ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्दही चोरीचाच. पण चोरी म्हटलं की लगेच चोर शोधावा लागतो, आणि शिकणारा मुलगा चोर आहे की नुसताच शिकतो आहे, हे त्या शब्दाला कळत नाही.

या बाबतीत आपला राजशेखर फार पुढचा. इसवीसन ९०० च्या सुमाराचा हा नाटककार आणि साहित्यशास्त्रज्ञ, कनौजच्या दरबारात होता, पण घराणं मूळ महाराष्ट्राशी नातं सांगणारं. त्याचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ म्हणजे होऊ घातलेल्या कवीचं पाठ्यपुस्तकच आहे. त्यात दुसऱ्याचं घेण्याला, म्हणजे ‘हरणा’ला, त्यानं चक्क तीन अध्याय दिले आहेत. हरण दोन प्रकारचं, टाकण्याजोगं आणि स्वीकारण्याजोगं, इथून तो सुरुवात करतो. मग एक शब्द घेतला, एक चरण घेतला, अर्धा श्लोक घेतला, सबंध श्लोक घेतला, अख्खा ग्रंथच घेतला, अशा पायऱ्या लावतो. अर्थ घेण्याचेही प्रकार आहेत. आरशातल्या प्रतिबिंबासारखं हुबेहूब घेतलं तर ते त्याज्य. चित्रकारानं मूळ माणसावरून चित्र काढावं तसं थोडा संस्कार करून घेतलं, तर गोष्ट वेगळी. ही सगळी चर्चा शिष्याला शिकवण्यासाठी आहे. कसं घ्यावं, हे तिथे शिकवण्याचा विषय आहे.

पर्किन्सला हेलनला हे शिकवता आलं असतं. दोन्ही गोष्टी तिच्या हाती देऊन, बघ, हे वाक्य कॅन्बींचं आहे, हे तुझं आहे, आणि हे तुझं थोडं बरंही आहे, असं म्हणता आलं असतं. तसं करायला कॅन्बी स्वतः तयार होत्या! ज्यांचा माल चोरीला गेला म्हणायचा, त्या बाईंची काही तक्रारच नव्हती. मुलीच्या स्मरणशक्तीचं त्यांना कौतुक वाटलं आणि पुढे तू स्वतःच्या मनातून मोठी गोष्ट लिहिशील, असं त्यांनी तिला प्रेमानं कळवलं.

ते भाकीत काही खरं झालं नाही. हेलनबाईंनी पुष्कळ लिहिलं, पण पुन्हा कल्पित कथेच्या वाटेला त्या फारशा गेल्या नाहीत. आईला साधं पत्र लिहितानाही एकदम धास्ती बसायची, आणि हे वाक्य आपण कुठे वाचलेलं तर नाही ना, म्हणून त्या तेच वाक्य पुन्हा पुन्हा अक्षर-अक्षर लावून बघायच्या. कॉलेजमध्ये, रॅडक्लिफला, प्राध्यापक कोपलंड यांनी त्यांना स्वतःच्या अनुभवावर लिहायला लावलं. त्यातून १९०३ साली ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र आलं. ते वाचून मार्क ट्वेननं त्यांना पत्र लिहिलं आणि त्या पंचांना मनसोक्त शिव्या घातल्या. त्यात त्यानं स्वतःची हकीकतही सांगितली: आपल्या एका पुस्तकाची अर्पणपत्रिका आपण ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या पुस्तकातून नकळत उचलली होती, आणि मित्रानं दाखवून देईपर्यंत आपल्याला पत्ता नव्हता. ट्वेन तेव्हा जगप्रसिद्ध होता, त्यामुळे त्याला हे हसून सांगता आलं.

आता मी तुम्हाला एकदम एकशे दहा वर्षं पुढे नेतो, त्याच देशात, पण कॅन्सस राज्यातल्या पायपर नावाच्या वस्तीतल्या शाळेत. योगायोग असा, की इथेही विषय झाडांच्या पानांचाच आहे. २००१ साली दहावीच्या जीवशास्त्राच्या मुलांना प्रकल्प दिला होता: परिसरातल्या झाडांची पानं गोळा करा आणि त्यांच्यावर लिहा. सहामाहीचे निम्मे गुण या प्रकल्पाला होते. नकल केली तर शून्य मिळेल, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी दिलेलं होतं आणि त्यावर मुलांच्या आणि पालकांच्या सह्या होत्या. ११८ मुलांपैकी २८ जणांनी मजकूर इंटरनेटवरून आणि इतरत्र छापलेल्या मजकुरातून उतरवला आहे, असं शिक्षिकेच्या लक्षात आलं. मजकूर जुळवून बघणारी ‘टर्निटिन’ ही संगणकीय सेवा तोवर आलेली होती, तिचाही आधार घेतला गेला. शिक्षिकेनं २८ जणांना शून्य दिलं. मुख्याध्यापक तिच्या पाठीशी उभे राहिले.

पालक मात्र शाळा मंडळाकडे गेले. आमच्या मुलांना हे चुकीचं आहे हे कळलंच नव्हतं, असं कित्येकांचं म्हणणं. ११ डिसेंबर २००१ ला मंडळानं ठरवलं की शून्य द्यायचं नाही, काही गुण कापायचे, आणि प्रकल्पाचं वजन निम्म्यावरून तीस टक्क्यांवर आणायचं. ज्या नव्वद मुलांनी रानात हिंडून स्वतः पानं गोळा केली आणि स्वतः लिहिलं, त्यांच्याही मेहनतीचं मोल त्या ठरावानं आपोआप उतरलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांचा उत्साह असा होता, की आता तुमचं ऐकायचं आम्हाला कारण नाही. शिक्षिकेनं राजीनामा दिला.

पर्किन्समध्ये संस्थेनं मुलीचा हेतू खणून काढण्यासाठी तिला दोन तास उभं केलं. पायपरमध्ये हेतूचा प्रश्न पालकांनीच उत्तर म्हणून पुढे केला आणि शाळेनं मान डोलावली. दोन टोकं आहेत ही. माझं मत विचाराल तर कॅन्ससची शिक्षिका बरोबर होती, शून्याबद्दल वाद घालता येईल तरीसुद्धा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं सही केलेला नियम आणि आठव्या वर्षी हातावर उमटून विसरलेली परीकथा, या दोन्हींना एकाच शब्दानं ओळखायचं, ही खरी पंचाईत आहे.

मधल्या वाटा कुणी शोधल्या नाहीत असं नाही. १९९० च्या दशकात लेखन शिकवणाऱ्या रिबेका मूर हावर्ड या अमेरिकन प्राध्यापिकेनं म्हटलं, की कॉलेजातली नवी मुलं मूळ मजकुरातले दोन शब्द बदलून, एक वाक्य गाळून, तुकड्याला तुकडा जोडून लिहितात, ते पुष्कळदा अप्रामाणिकपणामुळे नसतं. विषय पुरता समजलेला नसतो, त्या विषयाची भाषा अंगात मुरलेली नसते, म्हणून ती असं ठिगळकाम करतात. आपण त्याला गोधडी म्हणू. गोधडी शिवता शिवताच हात बसतो, आणि मग त्या मुलाला दुसऱ्याच्या कापडाची गरज कमी लागते. अट एवढीच, की कुणीतरी शेजारी बसून टाके दाखवले पाहिजेत.

शेजारी बसायला वेळ कुणाकडे आहे? आपल्याकडे शाळेपासूनच ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध गाईडमधून पाठ करून जसाच्या तसा लिहिणाऱ्याला चांगले गुण मिळतात. प्रयोगवहीत मागच्या वर्षीच्या वहीतली निरीक्षणं उतरतात आणि तिच्यावर सही होते. हाच विद्यार्थी पुढे पीएच.डी.ला येतो आणि तिथे त्याला प्रथमच सांगितलं जातं, की बाबा रे, ही चोरी आहे. काही प्रबंध तपासायला माझ्याकडे येत असत. त्यातली उचललेली पानं ओळखायला यंत्र लागत नसे. एकाएकी भाषा इस्त्रीची होई. त्या मुलांशी बोललं की कळायचं, बऱ्याच जणांना या गोष्टीचं आश्चर्य खरोखरच वाटलेलं असायचं. बारावीपर्यंत ज्याला अभ्यास म्हणतात तेच त्यांनी केलेलं होतं.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ साली यासाठी नियम केले. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती आपली म्हणून दाखवणं, अशी त्यांतली व्याख्या आहे, आणि ती चांगली आहे. शिक्षा मात्र टक्क्यांवर बसवली आहे. दहा टक्क्यांपर्यंत मजकूर जुळला तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर विद्यार्थ्यानं सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देण्याची बंदी. साठाच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंत जुळले तर ते धरायचे नाहीत, अशीही तरतूद आहे. निर्णय घ्यायला समित्या आहेत, त्या विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकतात. पण प्रत्यक्षात सगळ्यांचं लक्ष असतं त्या आकड्यावर. टक्का खाली आणून देणाऱ्यांचा धंदाही सुरू झाला. यंत्र फक्त जुळणी दाखवतं. मार्गदर्शकाची अख्खी कल्पना स्वतःच्या शब्दांत मांडणारा त्यातून सुटतो आणि पद्धतीचं वर्णन सरळ साध्या ठरावीक वाक्यांत करणारा अडकतो. राजशेखराच्या भाषेत सांगायचं तर यंत्र शब्दहरण पकडतं, अर्थहरण त्याच्या हाती लागत नाही.

कायद्याचं न्यायालय हेतूशिवाय चालू शकतं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘माय स्वीट लॉर्ड’ या गाण्याची चाल एका जुन्या गाण्यावरून आली आहे असा खटला झाला, तेव्हा १९७६ साली न्यायाधीशांनी म्हटलं, की त्यानं ती नकळत घेतली असेल, तरी ती घेतलेलीच आहे. तिथे प्रश्न पैशांच्या मालकीचा होता. शाळेचं तसं नाही. शाळेपुढे जो उभा असतो तो उद्या पुन्हा त्याच वर्गात येऊन बसणार असतो.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘चॅटजीपीटी’ आलं आणि जुळणीचं यंत्रही अडचणीत आलं. त्यानं लिहून दिलेला निबंध दुसऱ्या कुणाच्या लिखाणाशी सहसा जुळतच नाही. तो यंत्रानं लिहिला आहे हे ओळखणारं साधन ते बनवणाऱ्या कंपनीनंच काढलं होतं. पुरेसं अचूक नाही म्हणून तिनंच जुलै २०२३ मध्ये ते मागे घेतलं. त्यामुळे अनेक ठिकाणचे शिक्षक आता पुन्हा जुन्या मार्गाला लागले आहेत. मुलाला समोर बसवायचं आणि विचारायचं: हे वाक्य का लिहिलंस? हा शब्द तुला कुठे भेटला?

मला हा मार्ग पसंत आहे. फक्त, असे प्रश्न विचारायला बसणाऱ्यांनी त्याआधी ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’चं चौदावं प्रकरण वाचावं. प्रकरण छोटं आहे. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागात ‘हिमपऱ्या’ आणि ‘हिमराजा’ या दोन्ही गोष्टीही छापलेल्या आहेत. त्याही वाचा, आणि त्या आठांपैकी कोणत्या चौघांत आपण बसलो असतो, ते एकदा ठरवून पाहा.